क्रूझ सुटायच्या दिवशीच रॉकेट उडणार असेल तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर लगेच सांगता येईल. नाशिकहून तुम्ही चौघे येताय: तुम्ही, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांचे वडील. फेब्रुवारीत चार दिवस ऑर्लँडो, मग शुक्रवारी पोर्ट कॅनव्हेरल बंदरातून बहामाजची चार रात्रींची क्रूझ. मंगळवारी सकाळी जहाज परत येणार आणि त्याच संध्याकाळी परतीचं विमान. फोनमधलं ॲप त्या शुक्रवारी ४ वाजता रॉकेट उडणार असं दाखवतंय, आणि जहाजही साधारण चारलाच सुटतं. जहाजावरून लाँच दिसेल का, केबिन कोणत्या बाजूची घ्यावी, की केनेडी स्पेस सेंटरचं तिकीट काढून जवळून बघावं, असं तुम्ही विचारलंय. मुलाला गेली दोन वर्षं याच एका गोष्टीचा ध्यास आहे, हेही तुम्ही लिहिलंय, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

मी ऑर्लँडोत प्रवास नियोजनाचं काम करते. भारतातून येणारी कुटुंबं, त्यातही आई-वडील आणि मुलं सोबत असलेली, हे माझं रोजचं काम. जुलै २०११ मध्ये नासाचं अटलांटिस हे अंतराळयान शेवटचं उडालं, त्या दिवशीही मी लाँच पॅडसमोरच्या टायटसव्हिल गावाच्या काठावर उभी होते आणि त्यानंतर किती लाँच पाहिले याची मोजदाद ठेवलेली नाही. उडता उडता रद्द झालेलेही तितकेच पाहिले असतील. म्हणून आधी एक सांगते. कोणती केबिन, कोणता डेक हे प्रश्न सोपे आहेत, त्यांची उत्तरं खाली देते. तुमची खरी अडचण अशी आहे की सगळा बेत एका दिवसावर आणि एका वेळेवर टांगलेला आहे. ती वेळ हलली तर तुमच्याकडे दुसरा दिवसच उरत नाही, कारण तुम्ही समुद्रात असाल.

पहिली गोष्ट: ते ४ कुठले ४? तुम्ही नाशिकमध्ये बसून ॲप बघताय. बरीच ॲप फोनच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतात, काही संकेतस्थळं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ देतात आणि काही फ्लोरिडाची स्थानिक वेळ. फेब्रुवारीत फ्लोरिडा भारताच्या साडेदहा तास मागे असतं. ॲपमधले दुपारचे ४ भारतीय वेळेतले असतील, तर फ्लोरिडात तेव्हा शुक्रवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील, म्हणजे जहाजावर चढायच्या कितीतरी आधी. पहाटेचे ४ असतील तर फ्लोरिडात गुरुवारची संध्याकाळ, साडेपाच. या शक्यतांमध्ये तुमचा सगळा बेत वेगवेगळा होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह इथूनच स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटवर गेला. इथे तेव्हा १८ तारखेच्या दुपारचा दीड वाजला होता, भारतात मात्र १९ तारीख लागून एक मिनिट झालं होतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने पुण्यातल्या आजीला फक्त ‘१८ तारखेला बघ’ असं कळवलं होतं. आजी १८ तारखेला दुपारभर टीव्हीसमोर बसून राहिल्या. तेव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन बघा आणि वेळ वहीत फ्लोरिडाच्या घड्याळाप्रमाणेच लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट तारखेबद्दल. वेळापत्रकात तारखेच्या आधी बऱ्याचदा ‘एनईटी’ ही तीन अक्षरं असतात. त्यांचा अर्थ ‘या तारखेच्या आधी नाही’ इतकाच. त्यानंतर कधी, हे त्यात कुणी सांगितलेलं नसतं. दीड-दोन महिने आधीची तारीख जवळजवळ नेहमी सरकते. आठवडाभर आधीची तारीख बरीच विश्वासार्ह असते, आणि आदल्या दिवसापर्यंत टिकलेली वेळ गंभीरपणे घ्यायची. तुमच्या सहलीला अजून दोन महिने आहेत. आज दिसणारी वेळ जशीच्या तशी टिकेल असं मी तरी धरून चालणार नाही.

उड्डाण कुठलं आहे यावरही बरंच अवलंबून असतं. स्टारलिंकचे, म्हणजे स्पेसएक्सच्याच इंटरनेट सेवेचे उपग्रह नेणाऱ्या उड्डाणांना बहुधा काही तासांची खिडकी असते. ४ ला हवा बरी नसेल तर ५ ला, नाहीतर साडेसहाला, आणि तेही नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी. अंतराळ स्थानकाकडे जाणाऱ्या यानाचं तसं नसतं. स्थानकाच्या कक्षेची वाट डोक्यावर येते नेमक्या त्या क्षणीच उडावं लागतं, तो क्षण हुकला की त्या दिवसाचा विषय संपला. चंद्राकडे जाणारी मोठी रॉकेटं तर आणखी नाजूक. नासाच्या आर्टेमिस १ साठी २९ ऑगस्ट २०२२ ला इथला किनारा माणसांनी फुलून गेला होता. ते रद्द झालं, ३ सप्टेंबरलाही रद्द झालं, आणि शेवटी ते उडालं १६ नोव्हेंबरला, मध्यरात्र उलटून पावणेदोनला. ऑगस्टमध्ये रजा काढून आलेल्यांपैकी फारच थोडे तेव्हा पुन्हा येऊ शकले.

आपल्याला जवळचं उदाहरण शुभांशु शुक्लांच्या उड्डाणाचं. ठाण्याचं एक कुटुंब, आई-वडील आणि दोन मुली, खास त्यासाठी जून २०२५ मध्ये इथे आलं. नियोजन माझ्याकडेच होतं. १० जूनचं उड्डाण हवेमुळे ११ वर गेलं. मग रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली म्हणून तेही थांबलं, आणि त्यानंतर अंतराळ स्थानकावरच्या एका जुन्या गळतीची तपासणी आडवी आली. १९ झाली, २२ झाली. या कुटुंबाचं विमान १४ तारखेचं होतं. २५ जूनच्या पहाटे २ वाजून ३१ मिनिटांनी रॉकेट उडालं तेव्हा मी पाण्याच्या काठावर एकटी उभी होते आणि फोनवर ती चौघं ठाण्याच्या घरात दुपारी बारा वाजता टीव्हीसमोर होती. धाकटी मुलगी मला विचारत होती, ‘मावशी, आवाज आला का?’ माझ्यापर्यंत आवाज पोचायला जे मिनिट लागलं, तेवढा वेळ आम्ही दोघी गप्प होतो. त्या दिवसापासून मी सहल एका उड्डाणाभोवती बांधत नाही. सहल अशी बांधते की त्या दिवसांत जे उड्डाण येईल ते सापडावं.

हे शक्य का आहे, तर इथली उड्डाणं आता फार वाढली आहेत. २०२४ मध्ये या किनाऱ्यावरून ९३ उड्डाणं झाली आणि २०२५ मध्ये शंभरी ओलांडली. म्हणजे सरासरीने साडेतीन-चार दिवसांना एक. सरासरी फसवू शकते हे खरं. कधी तीन दिवसांत दोन होतात, कधी आठवडा कोरडा जातो. तरी सलग तीन-चार रात्री किनाऱ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला एखादं तरी लाँच मिळण्याची शक्यता चांगली असते. एका दुपारच्या भरवशावर राहण्यापेक्षा तर कितीतरी चांगली. तुमचे चार दिवस ऑर्लँडोत, म्हणजे किनाऱ्यापासून तासाभरावर आहेत. त्यातले निदान शेवटचे दोन, जमलं तर तीन, कोको बीच किंवा केप कॅनव्हेरल गावात घालवा असं मी सुचवेन. थीम पार्क पहिल्या दोन दिवसांत उरकता येतात. शिवाय क्रूझच्या दिवशी सकाळी ऑर्लँडोहून सामान घेऊन सत्तर किलोमीटर धावायची गरज राहत नाही. वडील सोबत असताना एवढंही पुरेसं कारण आहे.

आता जहाजाबद्दल, कारण तुम्ही मुळात तेच विचारलंय.

पोर्ट कॅनव्हेरल बंदर लाँच पॅडच्या दक्षिणेला आहे. बहुतेक स्टारलिंक उड्डाणं पॅड ४० वरून होतात, तो पॅड बंदराच्या तोंडापासून सरळ रेषेत साधारण १७ किलोमीटर. ३९ए हा जुना, अपोलोच्या काळापासूनचा पॅड साधारण २२ किलोमीटर. ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू ग्लेन रॉकेट ज्या पॅड ३६ वरून उडतं तो तर नऊ किलोमीटरवरच. तेव्हा जहाज धक्क्याला लागलेलं असताना किंवा नुकतं बाहेर पडत असताना उड्डाण झालं, तर ते छान दिसतं. पॅड मात्र दिसत नाही, मध्ये झाडी आणि इमारती आहेत. दोन-तीन सेकंदांनी त्या झाडीवरून ज्वाळा वर येते तेव्हाच कळतं.

जहाज बंदरातून पूर्वेकडे बाहेर पडतं, त्यामुळे जाताना उत्तर डाव्या हाताला येते. केबिनच्या बाल्कनीतून बघायचं असेल तर पुढे तोंड करून डावी बाजू, खलाशी जिला पोर्ट म्हणतात ती. येताना हेच उलटं होतं. पण एवढ्यासाठी डाव्या बाजूच्या बाल्कनीला जास्त पैसे देऊ नका. धक्क्याला जहाज कोणत्या दिशेला तोंड करून उभं असेल ते आधी सांगता येत नाही, आणि शेजारी दुसरं जहाज उभं असेल तर बाल्कनीतून त्याच्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही. सगळ्यात वरचा उघडा डेक सगळ्यांना खुला असतो. फोनच्या होकायंत्रावर उत्तर बघा आणि वीस मिनिटं आधी त्या कठड्याला जाऊन उभे राहा. पोहण्याच्या तलावाजवळ निघतानाची पार्टी चालू असते, स्पीकर मोठे असतात. तिथून लांब, डेकच्या मागच्या टोकाला जा, नाहीतर रॉकेटचा आवाज गाण्यांत बुडून जाईल.

जहाजावरची खरी अडचण वेळेची आहे. रॉकेटच्या वाटेखालचा समुद्र उड्डाणाच्या वेळी मोकळा ठेवतात. तटरक्षक दल त्या पट्ट्याची सूचना काढतं, आणि जहाज त्यात शिरलं तर उड्डाणच थांबतं. ३० जानेवारी २०२२ ला असंच झालं. इटलीचा एक उपग्रह घेऊन निघालेलं फाल्कन ९, हवामानामुळे आधीच लांबलेलं, उड्डाणाला फक्त ३३ सेकंद उरली असताना थांबवलं, कारण इथून निघालेलं एक मोठं क्रूझ जहाज त्या पट्ट्याकडे गेलं होतं. जहाजावरच्या हजारो माणसांना उड्डाण दिसलं नाहीच, किनाऱ्यावरच्यांनाही नाही. दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर लगेच ते उडालं आणि अतिशय देखणं दिसलं, पण ते जहाज तोवर दूर गेलेलं होतं. त्यामुळे जहाज आणि रॉकेट दोघांची वेळ ४ असेल, तर तीन गोष्टी होऊ शकतात. जहाज थोडं लवकर सोडतील, थोडं उशिरा सोडतील, किंवा वेळेवर सोडून मोकळ्या पट्ट्याबाहेरून नेतील. हा निर्णय कप्तान आणि बंदराचे अधिकारी घेतात आणि प्रवाशांना आधी कळत नाही. लाँचसाठी जहाज थांबवून ठेवतील अशी अपेक्षा मात्र धरू नका. काही कप्तान भोंग्यावरून घोषणा करतात, काही नाही करत.

समुद्रात गेल्यावर सगळं संपतं असंही नाही, बरं का. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असतो, बूस्टर, म्हणजे रॉकेटचा परत येणारा खालचा टप्पा, समुद्रातल्या तराफ्यावर उतरवायला शांत पाणी लागतं, म्हणून त्या महिन्यांत स्टारलिंकची बरीच उड्डाणं आग्नेयेला, म्हणजे बहामाजच्या बाजूने जातात. तुमचं जहाजही त्याच बाजूला चाललेलं असेल. रात्रीच्या वेळी दीड-दोनशे किलोमीटरवरूनसुद्धा क्षितिजावरून वर चढणारा नारिंगी ठिपका स्वच्छ दिसतो, आणि समुद्रात आजूबाजूला दिवे नसल्याने कधी कधी शहरापेक्षा चांगला दिसतो. आवाज मात्र येत नाही. त्यासाठी चारही रात्रींत कुठली उड्डाणं आहेत ते जहाजावर चढण्याआधी कागदावर लिहून घ्या. जहाजावरचं इंटरनेट वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं आणि नेमक्या वेळी ते अडतं. लिहिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून पुढचा अर्धा तास वायव्येकडे बघत राहा. दिसलं तर मुलगा जन्मभर विसरणार नाही.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. मुलाचा ध्यास पुरवायचा असेल तर पहिलं लाँच किनाऱ्यावरून दाखवा, पाय जमिनीवर आणि हातात वेळ असताना. जहाजावरून दिसलं तर तो आनंद वरचा.

किनाऱ्यावर कुठे, तर हे पॅडवर ठरतं. उड्डाण पॅड ४० चं असेल तर बंदराच्या तोंडाशीच असलेलं जेट्टी पार्क तुमच्यासाठी उत्तम. वाळू आहे, पाण्यात गेलेला धक्का आहे, स्वच्छतागृहं आहेत, गाडी जवळ लागते. गाडीचे पैसे द्यावे लागतात आणि मोठ्या उड्डाणाला जागा लवकर भरते, म्हणून दोन तास आधी जा. ३९ए चं उड्डाण असेल तर टायटसव्हिल. तिथल्या स्पेस व्ह्यू पार्कमधून पाण्यापलीकडे पॅड सरळ समोर दिसतो, अंतर साधारण २० किलोमीटर. मध्ये जे पाणी आहे त्याला इंडियन रिव्हर म्हणतात, पण ती नदी नाही, आपल्याकडच्या खाडीसारखं संथ खारं पाणी आहे. उजवीकडे १६० मीटर उंचीची व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग दिसते, जिथे अपोलोची रॉकेटं उभी केली जायची. रात्री रॉकेटचा उजेड या पाण्यावर लांबवर पसरतो. पॅड ४० साठी हीच जागा २३ किलोमीटरवर पडते, म्हणजे जेट्टी पार्कपेक्षा लांब. लोक सगळ्या उड्डाणांना टायटसव्हिलला धावतात ते सवयीने.

केनेडी स्पेस सेंटरच्या पर्यटक संकुलाचं तिकीट काढावं का? तिथे एक पूर्ण दिवस जरूर द्या, पण तो लाँचवर अवलंबून ठेवू नका. अटलांटिस यान आणि आडवं ठेवलेलं सॅटर्न ५ रॉकेट बघायलाच दिवस पुरत नाही. सॅटर्न ५ जिथे आहे त्या इमारतीबाहेरची बघायची जागा ३९ए पासून साधारण ६ किलोमीटरवर आहे. काही उड्डाणांना तिथली वेगळी तिकिटं विकतात, आणि जवळून बघायची ती फार मोठी संधी असते. घेण्याआधी उड्डाण पुढे गेलं तर तिकिटाचं काय होतं, तेवढी अट नीट वाचा. क्रूझच्या दिवशी मात्र ते तिकीट अजिबात घेऊ नका. मोठ्या लाँचनंतर एकाच वेळी निघालेल्या गाड्यांनी रस्ते तुंबतात, अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागतात, आणि जहाजाचं चेक-इन सुटायच्या बरंच आधी बंद होतं. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका जोडप्याचं जहाज याच कारणाने सुटलं होतं.

वडिलांबद्दल जरा थांबून लिहिते. लाँच बघणं म्हणजे बहुतांश वाट बघणं. घडीची खुर्ची हवीच. ती इथल्या मोठ्या दुकानांत स्वस्तात मिळते, भारतातून आणायला नको. फेब्रुवारीत दुपार सुखाची असली तरी पाण्याकाठी रात्रीचा वारा बोचतो. नाशिकच्या जानेवारीतली थंडी आठवा आणि त्यावर वारा धरा. स्वेटर आणि कानटोपी द्या. खाणं-पाणी गाडीतच ठेवा. आणि उड्डाण झाल्या झाल्या गाडीकडे पळू नका. तासभर तिथेच बसा, डबा उघडा, गर्दी जाऊ द्या. शक्य असेल तर हॉटेलच असं घ्या की जिथून जेट्टी पार्क किंवा वाळू दहा मिनिटांवर असेल. मग रात्री २ चं उड्डाणही त्यांना झेपेल: झोपले असतील तर अर्धा तास आधी उठवायचं, बघून परत झोपायचं.

कधी उठवायचं याची एक खूण सांगते. फाल्कन ९ मध्ये इंधन भरायला उड्डाणाच्या साधारण ३५ मिनिटं आधी सुरुवात होते. थेट प्रक्षेपणात ते सुरू झाल्याचं कळलं की आशा धरायला हरकत नाही, कारण त्याआधीच बहुतेक वेळा पुढे ढकलायचं ठरतं. एकदा भरायला लागले की फार थांबताही येत नाही. अतिथंड केलेला ऑक्सिजन गरम होऊ लागतो, त्यामुळे मग एकतर वेळेवर उडतं, नाहीतर बहुधा त्या दिवसापुरतं रद्द. हवामानाच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. ‘हवा ८० टक्के अनुकूल’ म्हणतात तेव्हा त्यात ढग, वीज, जमिनीजवळचा वारा एवढंच धरलेलं असतं. फार उंचावरचा वारा किंवा बूस्टर जिथे उतरायचा तिथल्या लाटा त्यात नसतात. निळंभोर आकाश असून रद्द झालेली उड्डाणं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यात कुणाची चूक नसते. विजेबाबत ही माणसं इतकी कडक आहेत त्यालाही कारण आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ वर वर जातानाच दोनदा वीज पडली होती. यान वाचलं. मार्च १९८७ मध्ये ॲटलस-सेंटॉर रॉकेट विजेनेच नष्ट झालं.

प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळी काय करावं? फोन खुर्चीला टेकवून व्हिडिओ चालू करून ठेवा आणि मग त्याकडे बघू नका. आधी उजेड दिसतो, पूर्ण शांततेत. जेट्टी पार्कला आवाज पोचायला सुमारे ५० सेकंद लागतात, टायटसव्हिलला मिनिटभर. मुलाला आधीच सांगून ठेवा की उजेड दिसल्यापासून सेकंद मोज, तीन सेकंदांना एक किलोमीटर. आवाज एकदम येत नाही. दूरच्या मेघगर्जनेसारखा सुरू होतो, वाढत जातो आणि मग छातीत घुमतो. त्यात एक फुटत जाणारी तडतड असते, ती कुठल्याच व्हिडिओत नीट येत नाही. रॉकेट अडीच मिनिटांच्या सुमारास दोन भागांत वेगळं होताना दिसतं, दुर्बीण असेल तर स्वच्छ. साधी १०×५० ची दुर्बीण पुरे.

आणि वेळ निवडायची सोय मिळाली, तर सूर्योदयाआधीचा किंवा सूर्यास्तानंतरचा साधारण तास पकडा. खाली अंधार असतो आणि रॉकेट इतकं उंच गेलेलं असतं की त्याच्या धुरावर ऊन पडतं. तो धूर हवेच्या अभावी पसरत जातो आणि निळा-पांढरा, अर्धपारदर्शक, मोठ्या जेलीफिशसारखा आकार अर्धं आकाश व्यापतो. इतकी वर्षं झाली, तरी हे दिसलं की माझा बोलायचा सूर बदलतो. तुमच्या ॲपमधले ४ भारतीय दुपारचे निघाले, म्हणजे इथली पहाट साडेपाच, तर त्या वेळी हे दिसायची थोडीफार शक्यता आहे. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तसं असेल तर त्या शुक्रवारी पहाटे पाचला वाळूवर, आठला नाश्ता आणि अकराला आरामात जहाजावर. याहून चांगला क्रूझचा दिवस मला सुचत नाही.

परतीच्या सकाळीही डोळे उघडे ठेवा. स्टारलिंकच्या उड्डाणांत पहिला टप्पा बहुधा समुद्रातल्या तराफ्यावर उतरतो आणि दोन-चार दिवसांनी तो तराफा याच बंदरात, याच वाटेने येतो. चाळीस मीटरहून उंच, धुराने काळवंडलेलं रॉकेट उभंच्या उभं वाळूजवळून सरकत जाताना दिसतं. क्रूझच्या डेकवरून तर ते जवळजवळ डोळ्यांच्या उंचीला येतं. तुम्ही गुरुवार-शुक्रवारचं उड्डाण पाहिलंत आणि मंगळवारी सकाळी तेच रॉकेट बंदरात उभं दिसलं, असं होऊ शकतं. म्हणून मंगळवारी सहाला उठून वर या, येताना उत्तर उजव्या हाताला असेल. वेगळ्या पैशांशिवाय बघता येणारी ही गोष्ट बहुतेक प्रवासी झोपेत घालवतात.

परतीचं विमान एक दिवस पुढे ढकलता आलं तर मी ढकलेन. क्रूझच्या आधी काहीच मिळालं नाही तर ती एक रात्र हाताशी राहते. तिकीट बदलण्याचा खर्च फार असेल तर मात्र नको, तो पैसा आधीच्या तीन रात्रींसाठी चांगल्या जागी हॉटेल घ्यायला वापरा.

एवढं करूनही नाही दिसलं, तर मुलाला श्रीहरिकोटा आहेच. २०१९ पासून इस्रोने तिथे सामान्य लोकांसाठी बघायची गॅलरी उघडली आहे, आधी नोंदणी करावी लागते. चेन्नईहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तिथली उड्डाणं वर्षात मोजकीच असतात, पण आपल्या देशाचं रॉकेट डोळ्यांदेखत जाताना बघण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि नाशिकहून ते फ्लोरिडापेक्षा नक्कीच जवळ आहे.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: ॲपमधला टाइम झोन, उड्डाण कुठल्या पॅडवरून आहे ते, आणि जहाजाच्या चेक-इनची शेवटची वेळ. आणि वडिलांना जिने चढायला जमतं का तेही लिहा. जेट्टी पार्कमध्ये त्यांना कुठे बसवायचं ते मी त्याप्रमाणे सांगेन.